पोपटीत पाणी

टेम्पो खाली उभा होता, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता आणि आमची आठ वर्षांची लेक भिंतीतल्या कपाटात जाऊन बसली होती. बाकीचं सगळं सामान खाली गेलं होतं. हे कपाट भिंतीतलं, ते कुठेच जाणार नव्हतं, आणि म्हणूनच तिनं ते निवडलं होतं. तिच्या बापानं आधी लाडीगोडी लावली, मग आइस्क्रीमचं आमिष दाखवलं, मग धाकट्याला कडेवर घेऊन तो जिन्यात जाऊन उभा राहिला. मी ओरडले. माझी सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. आतून शांत आवाज आला, "तुम्ही जा. मी आजोबांकडे राहते."

आजोबा म्हणजे माझे बाबा. बोरिवलीच्या त्या जुन्या इमारतीत शेजारी-शेजारी दोन खोल्या त्यांच्या मालकीच्या. एकीत ते, दुसरीत आम्ही. आई गेल्यापासून त्यांचं जेवणखाण आमच्याकडेच. ते दारात हाताची घडी घालून उभे होते आणि 'पोरीला कळतं ते तुम्हाला कळत नाही' हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, की लोक गाव सोडून मुंबईत येतात आणि तुम्ही निघालात उलटे, तेही जिथं काळं कुत्रंसुद्धा आपल्या ओळखीचं नाही तिथं.

त्यात खोटं काही नव्हतं. नवऱ्याला रोह्याजवळ, धाटावच्या एका कंपनीत, लॅबमध्ये, काम मिळालं होतं. तो अजून 'बघू, विचार करू' म्हणत होता तेवढ्यात मी होकार देऊन मोकळी झाले. मी घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासते, मला कुठलंही गाव चालणार होतं. मुंबईत मुलगी उठायच्या आत बाप घराबाहेर पडायचा आणि ती झोपल्यावर परत यायचा. रविवारी ती त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बेतानं बोलायची. ते मला बघवत नव्हतं. तेव्हा हा सगळा हट्ट माझा होता, आणि फसला असता तर तोंडघशीही मीच पडले असते.

शेवटी मी कपाटासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "संक्रांतीपर्यंत बघ. संक्रांतीला तू म्हणालीस परत जायचं, तर परत येऊ. सगळेच्या सगळे."

संक्रांत मी उगाच नाही निवडली. त्या दिवशी गच्चीवर आजोबांबरोबर पतंग उडवायचा हा तिचा वर्षाचा सण होता.

"शपथ?"

"तुझी शपथ."

कपाट उघडलं. बाबा मागून म्हणाले, "मी साक्षीदार. संक्रांतीपर्यंत तुमच्या खोलीला कुलूप घालून ठेवतो. भाडेकरू ठेवणार नाही." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण शपथ देऊन बसले होते. टेम्पो वळला तेव्हा बाबा किल्ली हातात धरून फाटकाशी उभे होते.

आम्ही उतरलो ते रोह्याहून कोलाडकडे जाताना लागणाऱ्या एका गावात. कौलारू घर, पुढं अंगण, मागच्या दाराला लागून घरमालकांचं भाताचं शेत, त्यापलीकडं नदी. घरमालकीण काकी समोरच राहायच्या. त्यांच्या नातीची आणि माझ्या लेकीची इयत्ता एकच, तिसरी. पहिल्या दिवशी काकी कंबरेवर हात ठेवून विचारत्या झाल्या, "गाव कंचं गो तुमचं?"

"मुंबई."

"अगो, मुंबईला तर आमची अर्धी आळी जाते नि सणाला परत येते. ते काय गाव हाय? गाव सांग."

मला सांगता येईना. माझ्या आजोबा-पणजोबांचं गाव नगरकडचं, तिथं आता आमचं कुणी नाही. काकींनी माझी अडचण ओळखली, घरात गेल्या आणि एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन बाहेर आल्या. "बस. पाव्हनी हायस तू."

त्या खुर्चीनं पुढं माझा पिच्छा पुरवला. लावणीच्या वेळी मी पदर खोचून बांधावर गेले, तर काकांनी नातीला घरी पिटाळलं आणि ती डोक्यावर लाल खुर्ची घेऊन आली. गणपतीत आरतीला मी दाराशी उभी, तर खुर्ची. कुणाच्या घरी हळदीला गेलं, की बायका खाली जाजमावर गप्पा मारत बसलेल्या आणि मी एकटी वर, हातात चहाचा कप. सगळी माणसं इतकी प्रेमानं वागत होती की भांडायचं तरी कुणाशी? "पाव्हन्यांनी हात लावायचा नाय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की रात्री कूस बदलताना आठवायचं. मी नवऱ्याला म्हणायचे, "आपण इथं राहायला आलोय, का लग्नाला?" तो शिफ्ट करून आलेला असायचा. "बसायला मिळतंय तर बस ना," म्हणून झोपी जायचा.

धाकट्याचं बरं होतं, त्याला चिखल आणि कोंबड्या एवढं पुरत होतं. लेकीचं मात्र कठीण होतं. शाळेत जायची, यायची, विचारलं तेवढंच बोलायची. काकींची नात दाराशी येऊन "येतंस काय गो खेळायला?" असं रोज विचारायची आणि ही खिडकीतून मान हलवून नाही म्हणायची. संध्याकाळी आजोबांचा व्हिडिओ कॉल. रेंज फक्त मोरीच्या खिडकीत, त्यामुळे आजोबा-नातीच्या गप्पा साबणाच्या वड्यांच्या साक्षीनं चालत. दोघांचं ठरलेलं असायचं. ते विचारायचे, "काय मग, संक्रांत कुठवर आली?" ही म्हणायची, "अजून लांब आहे." हे मी भांडी घासता घासता ऐकायचे, आणि भांडी जरा जास्तच वाजायची.

खरं सांगते, मला भीती वाटत होती. तिला तिथं आवडलं नाही तर मी शपथ मोडणार नव्हते, आणि शपथ पाळली तर नवऱ्याची नोकरी, हे घर, रोज संध्याकाळी अंगणात बापाच्या सायकलला धक्का मारत पळणारा माझा धाकटा, हे सगळं उचलून पुन्हा त्या खोलीत नेऊन ठेवायचं होतं. एका आठ वर्षांच्या मुलीच्या हो-नाहीवर मी आमचं अख्खं बिऱ्हाड टांगून ठेवलं होतं.

भातकापणी झाली. झोडणी झाली. शेत रिकामं झालं तसं काकांनी नांगर फिरवला, आणि जमिनीत ओल आहे तोवर वाल टाकायची घाई सुरू झाली. आमच्या मागच्या दाराला लागून एक छोटासा पट्टा होता. काकी लेकीला म्हणाल्या, "हा तुझा. टाक यात वाल." तिनं आणि काकींच्या नातीनं मिळून दाणे टोकले. ती पहिल्यांदा कुणाशी मिळून काही करत होती, म्हणून मी हरखले, आणि हरखले की मला काहीतरी करावंसं वाटतं. दुसऱ्या दिवसापासून मी त्या पट्ट्याला सकाळ-संध्याकाळ बादलीनं पाणी घालू लागले.

काकींनी एक दिवस पाहिलं आणि अंगणातून हाक मारली, "काय करतंस गो? वालाला पानी घालतंस? तो दवावर येतो. कुजवशील सगला!"

मी बादली खाली ठेवली. अर्धा पट्टा पिवळा पडला होता. लेकीनं माझ्या हातातून बादली काढून घेतली आणि ती मोरीत पालथी घालून ठेवली. राहिलेला अर्धा पट्टा मात्र तरारला. सकाळी वेलींवर दव असायचं, आणि शाळेत जायच्या आधी दोघी मुली तिथं उकिडव्या बसून फुलं मोजायच्या.

थंडी पडली, शेंगा भरल्या आणि गावात पोपटीचे दिवस आले. रायगडात राहणाऱ्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला घालायचा. हे रानटी झुडूप बांधावर कुठंही उगवतं आणि त्याला ओव्याला जवळचा असा उग्र वास असतो. वर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. मडक्याचं तोंड पुन्हा पाल्यानं गच्च भरायचं, मडकं शेतात उपडं मारायचं आणि वर पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून जाळ करायचा. आत शेंगा स्वतःच्याच वाफेवर शिजतात. रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या शेतात जाळ दिसायचा, आणि आम्हाला बोलावणं यायचं, आणि बोलावण्याबरोबर लाल खुर्चीही.

अशाच एका पोपटीला मी जाहीर केलं, "रविवारी पोपटी आमच्याकडे. आमची आम्ही लावणार. कुणी मदतीला यायचं नाही, फक्त खायला यायचं."

काकी हसून म्हणाल्या, "लाव की. मडका मी देते."

रविवारी मी सगळं मांडून बसले. नवऱ्याला दुपारची शिफ्ट होती, तेव्हा मीच. मोबाइलवर बघून ठेवलं होतं, आधी दहा पोपट्या खाल्ल्या होत्या, काही अवघड नव्हतं. पाला घातला, शेंगा भरल्या, आणि मग मडक्यात डोकावून माझ्या मनात कुकर शिरला. एवढा जाळ करायचा आणि आत थेंबभर पाणी नाही? तळाला लागणार. करपणार. सगळं गाव येणार आणि करपलेल्या शेंगा चिवडणार. मी इकडंतिकडं पाहिलं आणि तांब्याभर पाणी मडक्यात ओतून दिलं. वर पाला कोंबला. मागं वळले तर दारात लेक उभी होती. तिनं पाहिलं होतं. मी ओठांवर बोट ठेवलं.

माणसं जमली. काका, काकी, नात, आळीतली चार घरं. मी मोठ्या ऐटीत मडकं शेतात नेलं, उपडं मारलं, पेंढा रचला, काडी लावली. जाळ छान धरला. आणि मग आतून फुस्स असा आवाज आला. मडक्याच्या तोंडातून पाणी पाझरत होतं आणि खालचा पेंढा एकेक काडी करत विझत होता. मी फुंकर मारली, रॉकेल शोधलं, दुसरा पेंढा आणला. काळा धूर सगळ्यांच्या तोंडावर गेला. शेवटी कशीबशी धग करून मडकं उघडलं तर अर्ध्या शेंगा गिळगिळीत, अर्ध्या कच्च्या. कच्चा वाल किती कडू लागतो ते त्या दिवशी आळीतल्या चार घरांना कळलं.

"असं कसं झालं गो?" काकी मडक्यात वाकून बघत होत्या. "पाला ओला होता काय?"

"पाला नाय," माझी लेक म्हणाली. सगळ्यांसमोर, खणखणीत. "आईनं पाणी घातलं. तांब्याभर."

क्षणभर कुणाला पटेना. मग काकांच्या तोंडातून एक आवाज निघाला, मग काकी पोट धरून बांधावर बसल्या, आणि मग अख्खं शेत हसायला लागलं. "पोपटीत पानी!" कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा. काकींची नात लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती, आणि माझी लेक, जी इथं आल्यापासून धड हसली नव्हती, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मला एकाच वेळी तिला चापट मारावीशी आणि मिठीत घ्यावीशी वाटली.

तरी मी ते सगळं सहन केलं असतं. सहन झालं नाही ते काकींचं शेवटचं वाक्य. डोळे पुसत त्या सगळ्यांना म्हणाल्या, "नका गो हसू. पाव्हनी हाय ती, तिला काय म्हाईत." आणि नातीला म्हणाल्या, "खुर्ची आन."

नुसते हसले असते तर मी दुसऱ्या दिवशी विसरले असते. त्यांनी मला माफ केलं, त्यानं मी पेटले. घरात येऊन भांडी आदळली, धुरानं काळं झालेलं तोंड चारदा धुतलं. लेक माझ्या मागं मोरीत आली. तिचंही हसू संपलं होतं. "उद्या शाळेत सगळे म्हणतील आपली पोपटी विझली."

"तूच तर सांगितलंस सगळ्यांना!"

"मग खोटं बोलू? काकी पाल्याला नाव ठेवत होती. पाला मी आणलेला."

ती कंबरेवर हात ठेवून उभी होती, अगदी काकींसारखी. "आपण परत लावायची. आजोबा येतील ना संक्रांतीला, तेव्हा. मी लावणार. तू मडक्याजवळ यायचं नाही."

'संक्रांतीला' म्हणाली ती. तिला तो दिवस आठवत होता तर. मी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही म्हणा हवं तर. नवरा म्हणाला, "विचारून टाक आत्ताच, म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको." मी म्हणाले, "शपथ संक्रांतीची आहे." तो धाटावला निघून गेला आणि मी प्रुफात एकच ओळ तीन वेळा वाचत बसले.

मधल्या दिवसांत लेक घरात कमी आणि समोरच्या अंगणात जास्त असायची. शाळेतून आली की दोघी मुली काकींच्या मागं. कोणत्या बांधावरचा पाला कोवळा, तो किती दाबायचा, मीठ जाडंच का. मी ओटीवर बसून कागद तपासायचे आणि कान तिकडं ठेवायचे. तिच्या बोलण्यात 'हाय' आणि 'नाय' कधी आले ते मला कळलंच नाही. आजोबांचा फोन आला की ती मोरीच्या खिडकीत धावत जायची, धापा टाकत दोन वाक्यं बोलायची आणि "ठेवते हां, बोलावतायत" म्हणून पळायची. बाबा पडद्यावर तसेच बसलेले दिसायचे. मग मी थोडा वेळ बोलायचे. काय जेवलात, डबा बरा येतो का, वगैरे.

बाबा संक्रांतीच्या सकाळी एसटीनं आले. पेणला गाडी थांबली तेव्हा उतरून आमच्यासाठी पोह्याचे पापड घेतले होते. हायवेच्या खड्ड्यांचं वर्णन त्यांनी चहा होईपर्यंत केलं. नातीसाठी पतंग आणि मांज्याची फिरकी आणली होती. मग सदऱ्याच्या खिशातून त्यांनी किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. "आठवड्यातून एकदा उघडून झाडून घेत होतो," ते म्हणाले. "शाळेतही बोलून ठेवलंय. मधेच आली तरी घेतील म्हणाले." हे बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते. त्यांची मान बारीक झाली होती, सदरा खांद्यावर सैल पडला होता. भांडायला तोंड उघडलं होतं, ते मी मिटून घेतलं. मला पहिल्यांदाच कळलं, की त्या कपाटात बसायला त्यांनाही जागा असती तर ते आधी जाऊन बसले असते.

लेक शाळेतून आली, आजोबांच्या गळ्यात पडली, पतंग पाहिला, "भारी हाय" म्हणाली आणि तो कोनाड्यात ठेवून दिला. "उद्या उडवू आजोबा. आज पोपटी हाय, मला पाला आनायचाय." आणि गेलीसुद्धा. बाबा दाराकडं बघत राहिले.

ऊन उतरलं तशी माणसं यायला लागली. तिळगूळ वाटून झाला. संक्रांत म्हणून कोंबडी-अंडी नव्हती. वाल, बटाटे, रताळी आणि करांदे नावाचे रानातले कंद. वाल आमच्या मागच्या पट्ट्यातला, माझ्या बादलीतून वाचलेला. लेकीनं फ्रॉक खोचला, मडक्यात पाला पसरला आणि मुठीनं दाबला. काकींची नात शेंगा देत होती, ही रचत होती. काकी बांधावर हाताची घडी घालून बसल्या होत्या. मी जरा पुढं सरकले तर त्या म्हणाल्या, "तू हल. आज तुझा काय काम नाय." मी मुकाट्यानं त्यांच्या शेजारी खाली बसले. जमीन थंड होती आणि कापलेल्या भाताची खुंटं बोचत होती.

मडकं उपडं झालं, पेंढा रचला, जाळ धरला. बाबा इतका वेळ लांब उभे होते. आता ते जवळ आले, जाळाकडं बघितलं आणि त्यांच्यातला कुकर जागा झाला. तो आमच्या घराण्यातच असावा. "अगं, एवढा जाळ! आत पाणी घातलंयस ना? करपेल सगळं!" असं म्हणत त्यांनी हातातली पाण्याची बाटली उघडली आणि काठीनं पेंढा बाजूला करायला वाकले.

"आजोबा!"

लेक मधे येऊन उभी राहिली. तिनं त्यांच्या हातातली काठी काढून घेतली, बाटलीचं झाकण लावलं. मग पळत काकींच्या अंगणात गेली आणि डोक्यावर लाल खुर्ची घेऊन आली. ती त्यांच्या मागं नीट टेकवून ठेवली, एक पाय डुगडुगत होता तिथं खाली चपटा दगड सरकवला, आणि त्यांचा हात धरून म्हणाली, "तुम्ही बसा बघू हितं. पाव्हन्यांनी हात लावायचा नाय."

कुणीतरी हसलं. बाबा उभेच होते. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, शेताकडं पाहिलं, बांधावर बसलेल्या सगळ्यांकडं पाहिलं आणि शेवटी माझ्याकडं. मी खाली, काकींच्या खांद्याला खांदा लावून, खुंटांवर बसले होते. मग ते खुर्चीत बसले.

काकी माझ्या कानाशी म्हणाल्या, "पोर बेरकी हाय तुझी." मी नुसती मान हलवली.

लेकीनं वेळ झाल्यावर हातानं पाण्याचे चार थेंब मडक्यावर उडवले. ते चर्र करून उडून गेले. "झाला," ती काकींना म्हणाली, विचारलं नाही. दोघी मुलींनी काठीनं निखारे बाजूला ओढले, काकांनी पोत्यानं धरून मडकं उचललं आणि केळीच्या पानांवर रितं केलं. भांबुर्डीचा वास शेतभर पसरला. शेंगा हिरव्या, टपोऱ्या, जराशा सुरकुतलेल्या, एकही करपलेली नाही. काकींनी एक शेंग सोलली, तोंडात टाकली, सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी दुसरी उचलली. एवढंच. आळीनं पानांवर झडप घातली.

मला उठून नाचावंसं वाटलं. मी नाचले नाही, पण धाकट्याला उचलून दोन गिरक्या घेतल्या, आणि नवरा शिफ्टवरून परस्पर शेतात आला तेव्हा त्याच्या तोंडात सोललेलं गरम रताळं कोंबून सगळी हकिकत एका दमात सांगितली. तो म्हणाला, "मग विचारलंस तिला?"

तेव्हा मला आठवलं. मी लेकीला हाक मारली. ती ओंजळभर शेंगा घेऊन आली, तोंडाला काजळी, दोन्ही गाल भरलेले.

"आज संक्रांत," मी म्हणाले. "तुला काही सांगायचं होतं ना मला?"

ती विचारात पडली. खरंच आठवून बघत होती. "तिलगूल घ्या गोड बोला?" तिनं विचारलं, आणि ओंजळीतल्या शेंगा आजोबांच्या मांडीवर ओतल्या आणि परत पळाली.

बाबा शेंग सोलायला लागले. ती गरम होती, एका हातातून दुसऱ्या हातात टाकत, फुंकर मारत त्यांनी दाणा काढला आणि खाल्ला. मग दुसरा. अंधारत चाललं होतं, निखाऱ्यांचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर होता.

"पाणी नाही घातलं तरी शिजलंय," ते म्हणाले.

"हो."

"खोलीचं बघतो आता," ते म्हणाले. "वरच्या मजल्यावरचे विचारत होते, त्यांच्या मुलासाठी."

मी त्यांच्या पायाशी खुंटांवर जाऊन बसले. 'सांगितलं नव्हतं मी?' हे वाक्य मी टेम्पोत बसल्यापासून जपून ठेवलं होतं, ते आत्ता जिभेवर होतं. मी ते गिळलं आणि त्यांच्या मांडीवरची एक शेंग घेऊन सोलू लागले. काकी पलीकडून ओरडल्या, "अगो, तुझ्या बापाला विचार, होलीला येनार काय? येनार असतील तर खुर्ची लागेल."

बाबा माझ्या आधीच बोलले. "येणार," ते म्हणाले, "पण खुर्ची नको."